जाळी, भिंत की जमिनीखालची तार?

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्याची उत्तरे

पावसाळा सरला की पुण्याच्या आसपास बंगल्यांची आणि फार्महाउसची अडलेली कामे पुन्हा सुरू होतात आणि त्याबरोबर कुंपणाविषयीची पत्रेही येऊ लागतात. कुत्र्याला आवारात राखण्यासाठी पक्के कुंपण घालावे की धक्का देणारा इलेक्ट्रॉनिक पट्टा पुरेल, ही एकच शंका या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत वेगवेगळ्या शब्दांत विचारलेली होती, म्हणून गोचीड, जंत आणि लसींविषयीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून आजचे सदर कुंपणालाच दिले आहे. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : भूगावजवळ आमचा दहा गुंठ्यांचा प्लॉट असून त्यावर बैठे घर आहे. घरात चार वर्षांची लॅब्रॅडोर मादी आणि दीड वर्षाचा गावठी नर आहे. प्लॉटला सध्या सिमेंटच्या खांबांवर ओढलेल्या काटेरी तारांखेरीज काही नाही. एका विक्रेत्याने जमिनीत तार पुरून कुत्र्यांच्या गळ्यात पट्टे घालण्याची यंत्रणा सुचवली आहे. काम दोन दिवसांत होते, घरासमोरचे दृश्य बिघडत नाही आणि भिंतीपेक्षा खर्च पुष्कळ कमी येतो, असे तो सांगतो. माझे यजमान मात्र चहूबाजूंनी सहा फुटी भिंतच हवी म्हणतात. आम्ही कोणाचे ऐकावे? – एक वाचिका, भूगाव

उत्तर : विक्रेत्याने सांगितलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, परंतु त्याने जे सांगितले नाही त्यावर आपला निर्णय अवलंबून आहे. त्यासाठी ही यंत्रणा कशी चालते ते आधी समजून घ्यावे लागेल.

हद्दीच्या कडेने काही इंच खोल चर घेऊन त्यात एक तार पुरतात आणि तिचा बंद फेरा पूर्ण करून दोन्ही टोके घरातल्या ट्रान्समीटरला जोडतात. या तारेतून कमी वारंवारतेचा रेडिओ संदेश फिरत राहतो. तारेवर माणूस उभा राहिला किंवा गाय चरत गेली तरी त्यांना काहीही जाणवत नाही, कारण धक्का देणारा भाग तारेत नसून कुत्र्याच्या पट्ट्यात असतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूला धातूची दोन टोके असतात आणि ती कातडीला टेकलेली असावी लागतात. कुत्रा हद्दीपासून ठरावीक अंतरावर आला की पट्टा आधी ‘बीप’ असा आवाज करतो आणि कुत्रा तसाच पुढे गेला तर त्या दोन टोकांमधून त्याला विजेचा लहानसा धक्का बसतो. म्हणजे ज्याच्या गळ्यात पट्टा आहे त्याच्यापुरतेच हे कुंपण अस्तित्वात असते. इतर सर्वांसाठी आपला प्लॉट उघडाच राहतो.

ही पद्धत १९७०च्या दशकात अमेरिकेत रुजली. तेथील अनेक उपनगरांत घरांपुढची हिरवळ एकमेकींना लागून असते, पुढच्या अंगणाला कुंपण घालण्यास वसाहतीचे नियमच मनाई करतात आणि रस्त्यावर बेवारस कुत्र्यांच्या टोळ्या फिरत नाहीत. तेथे घरमालकापुढचा प्रश्न एवढाच असतो की, आपला कुत्रा शेजाऱ्याच्या अंगणात जाऊ नये. भूगावात आपल्यापुढे त्याहून मोठा प्रश्न आहे. पौड रस्त्यावरच्या हॉटेलांच्या आणि मंगल कार्यालयांच्या उष्ट्यावर जगणारी कुत्री रात्री अन्नाच्या वासाने कोणाच्याही आवारात शिरतात. त्यांच्यापैकी कोणाला रेबीजची लस मिळाली आहे आणि कोणाला नाही, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो. आपल्या लॅब्रॅडोर मादीची नसबंदी झालेली नसेल, तर ती माजावर आल्यावर परिसरातले चार-पाच नर आपल्या पायरीपर्यंत येतील आणि त्यांना अडवणारे तेथे काहीच नसेल. अशा वेळी भांडण जुंपले तर आपल्या कुत्र्यांना माघार घेण्याची जागासुद्धा यंत्रणेने आखून दिलेली असते, पाहुण्यांना मात्र तसे बंधन नसते.

आपल्या गावठी नराविषयी मला अधिक चिंता वाटते. दीड वर्षाचा, चपळ आणि बाहेरच्या वासांनी अस्वस्थ होणारा कुत्रा मांजर किंवा मुंगूस दिसताच जेव्हा धाव घेतो, तेव्हा हद्दीलगतची ‘बीप’ आणि धक्क्याची जागा ओलांडायला त्याला एक-दोन सेकंद पुरतात. पाठलागाच्या भरात बसलेला धक्का त्याला फारसा जाणवतही नाही. परत येताना मात्र ती धुंदी उतरलेली असते आणि त्याच रेषेवर पुन्हा धक्का खाण्याची त्याची तयारी नसते. त्यामुळे घर समोर दिसत असूनही बाहेर बसून राहिलेले कुत्रे मी पाहिले आहेत, आणि त्यांचे मालक आतून हाका मारताना पाहणे हा फारसा सुखद अनुभव नव्हे.

त्यात आपल्याकडची जमीन आणि हवामान यांचाही विचार हवा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे उथळ पुरलेल्या तारेवर ताण येतो. घुशी तिचे वेष्टण कुरतडतात, माळ्याची कुदळ तिच्यावर पडते आणि वळवाच्या विजा कडाडल्या की ट्रान्समीटर जळण्याचा संभव असतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि बॅटरीची सोय केलेली नसली, तर तेवढे तास कुंपण नाहीसे होते. तार तुटल्यास ट्रान्समीटर आवाज करून सूचना देतो हे खरे आहे, पण त्या वेळी घरात कोणी नसेल तर ती सूचना ऐकणारा फक्त कुत्राच असतो.

खर्चाची तुलना करताना एक हिशेब विक्रेते सहसा करून दाखवत नाहीत. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. प्लॉट चौरस धरला तर त्याची एक बाजू सुमारे १०४ फूट आणि एकूण घेर सुमारे ४१७ फूट भरतो. हद्दीलगतची ही धक्क्याची जागा चहूबाजूंनी फक्त सहा फूट रुंद ठेवली, तरी कुत्र्याच्या वापरातून दोन गुंठ्यांहून अधिक जागा जाते. शिवाय आपल्याला गळ्यातले दोन पट्टे लागतील, त्यांच्या बॅटऱ्या वेळोवेळी बदलाव्या लागतील आणि काही वर्षांनी पट्टेही नवे घ्यावे लागतील. जाळीचा दर रनिंग फुटावर मिळतो, तेव्हा याच ४१७ फुटांचा दर मागवून दोन्ही खर्च पाच-सात वर्षांच्या मुदतीवर ताडून पाहावेत.

आता यजमानांच्या भिंतीविषयी. चारही बाजूंनी पक्की भिंत घालण्याची आवश्यकता मला दिसत नाही. त्याऐवजी सहा फूट उंचीची जस्ताचा मुलामा दिलेली चेन लिंक जाळी घ्यावी, लोखंडी अँगलचे खांब आठ ते दहा फुटांवर रोवावेत आणि जाळीचा पायथा जमिनीलगतच्या काँक्रीटच्या पट्टीत पक्का बसवावा. कुत्रा उडी मारूनच निसटतो असा सर्वसाधारण समज आहे, पण उकरून निसटणारे कुत्रे त्याहून कमी नाहीत. काँक्रीटचा खर्च नको असेल तर जाळीची दीड फूट रुंदीची पट्टी आतल्या बाजूला जमिनीलगत आडवी अंथरून मातीखाली दाबावी, म्हणजे उकरणाऱ्या पंज्याला लगेच जाळी लागते आणि तो थांबतो. रस्त्याच्या बाजूला मात्र खालचे तीन-साडेतीन फूट पत्र्याने किंवा विटांच्या बांधकामाने बंद करावेत. येणारी-जाणारी माणसे आणि दुचाकी सतत दिसत राहिल्या की कुत्रा जाळीच्या कडेने धावत भुंकत राहतो आणि त्याची ती सवय मग सुटत नाही. सध्याच्या काटेरी तारा काढून टाकाव्यात. त्यांनी कुत्रा अडत नाही, फक्त फाटतो, आणि पाठीवरचे तसले टाके घालण्यात माझी अनेक संध्याकाळची वेळ गेली आहे.

काम सुरू करण्यापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून ‘हद्द कायम’ मोजणी करून घ्यावी. कुत्र्यांच्या प्रेमाने घातलेले कुंपण शेजाऱ्याच्या बांधावर दोन फूट गेले तर त्या वादाला कुत्र्याच्या आयुष्यापेक्षा जास्त वर्षे लागतात. पक्की भिंत घालायचीच झाली, तर परवानगीची चौकशी आधी करावी. कुंपणालगत झाडे लावताना कण्हेर टाळावी. पुण्यात ती सर्रास लावली जाते, पण तिचे पान, फूल, साल सर्वच हृदयावर परिणाम करणारे विष आहे. शेराच्या कुंपणाचा चीकही डोळ्यांत गेल्यास फार त्रास देतो. मेंदी लावावी, म्हणजे जाळी झाकली जाईल आणि दृश्याविषयीची आपली चिंताही मिटेल.

फाटकावर सर्वांत अधिक लक्ष द्यावे. सोडून गेलेल्या कुत्र्यांपैकी बहुसंख्य कुत्रे जाळी ओलांडून जात नाहीत, तर दूधवाला, सिलिंडरवाला किंवा पाहुणा आत येताना उघड्या राहिलेल्या फाटकातून जातात. मुख्य फाटकाच्या आत सात-आठ फुटांवर दुसरे, स्प्रिंगने आपोआप मिटणारे लहान फाटक बसवावे आणि एक बंद असल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, असा घरातल्या सर्वांना नियम घालून द्यावा. फाटकाखालची फटही मोजावी. उतारावरच्या प्लॉटात ती एका टोकाला तीन इंच आणि दुसऱ्या टोकाला नऊ इंच असते.

जमिनीखालची तार आपल्याला पूर्णपणे वर्ज्य आहे असे मात्र मी म्हणणार नाही. पक्क्या कुंपणाच्या आत भाजीचे वाफे किंवा विहिरीचा काठ राखण्यासाठी, धक्का बंद ठेवून केवळ ‘बीप’वर ती वापरता येते. पक्क्या कुंपणाची जागा ती घेऊ शकत नाही.

प्रश्न : डोणज्याला आमची दीड एकर शेती आहे. रानडुकरांसाठी बांधावर झटका मशीन लावले आहे. त्याच तारेने आमचा राखणीचा कुत्राही आत राहील का? रात्री बिबट्याची भीती वाटते, म्हणून सध्या त्याला झोपडीबाहेर साखळीने बांधतो. – एक शेतकरी वाचक, डोणजे

उत्तर : ‘करंटचे कुंपण’ या एकाच नावाखाली आपल्याकडे तीन अगदी निराळ्या गोष्टी मोजल्या जातात. त्यांच्यापैकी पट्ट्याची यंत्रणा वरच्या उत्तरात आली आहे. दुसरी म्हणजे आपले झटका मशीन. त्यातून तारेत साधारण सेकंदाला एक ठोका सोडला जातो. तो काही हजार व्होल्टचा असला तरी सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरता टिकतो, त्यामुळे प्राणी दचकून मागे हटतो पण सहसा मरत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे घरगुती किंवा पंपाच्या जोडणीतून थेट वीज तारेत सोडणे. हा गुन्हा आहे आणि दरवर्षी त्यात प्राण्यांबरोबर माणसेही मरतात. आपल्या मळ्याच्या शेजारी कोणी असे करत असेल, तर कुत्र्याच्या आधी पोराबाळांचा विचार करून त्यांना थांबवावे.

झटका मशीनच्या तारा डुकरासाठी बांधलेल्या असतात, आणि डुकराची उंची व कुत्र्याची अंगकाठी यांत फरक आहे. दोन तारांमधले अंतर कुत्र्याला सहज पार करता येते. कोरड्या केसांवर झटका कमी लागतो, ओल्या नाकावर मात्र जोरात बसतो. घाबरलेला कुत्रा मागे हटेलच असे नाही, तो पुढेही उसळतो. दोन तारांत अडकला तर प्रत्येक सेकंदाला पुन्हा झटका खात राहतो. शिवाय पावसाळ्यात तारेला गवत टेकले की वीज जमिनीत झिरपते आणि मशीन चालू असूनही कुंपणाचा जोर उतरतो. म्हणून ही तार पिकासाठीच राहू द्यावी आणि झोपडीजवळ कुत्र्यासाठी जाळीचे स्वतंत्र आवार करून, त्या दोहोंमध्ये चार-पाच फूट अंतर ठेवावे.

बिबट्याच्या बाबतीत मात्र साखळी ही सर्वांत वाईट व्यवस्था आहे. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या एकूण आहारापैकी वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा निघाला. उसाच्या पट्ट्यात राहणारा बिबट्या घराजवळ येतो तो मुख्यतः कुत्र्यासाठीच. साखळीला बांधलेला कुत्रा त्याच्यासाठी पळू न शकणारे भक्ष्य आहे. सहा काय, आठ फुटांची जाळीही बिबट्याला अडवत नाही, कारण तो उडी मारतो आणि चढतोही. त्यामुळे अंधार पडण्यापूर्वी कुत्रा झोपडीत घ्यावा. ते शक्य नसेल तर सर्व बाजूंनी जाड वेल्डमेश (वेल्डिंगने जोडलेल्या तारांची ताठ जाळी), वरून पक्के छत आणि खाली फरशी असलेली कोठी बांधून त्याला रात्रभर तीत बंद ठेवावे. ‘मग राखण कोण करणार’ असे आपण म्हणाल. कुत्र्याचे राखण करणे म्हणजे भुंकून मालकाला जागे करणे, आणि ते तो कोठीतूनही उत्तम करतो.

दिवसाच्या साखळीविषयीही एक सूचना आहे. प्राण्यांशी क्रूरतेने वागण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा, अवास्तव आखूड किंवा जड साखळीने अवास्तव काळ बांधून ठेवणे आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे या दोन्ही गोष्टी कलम ११ खाली गुन्हा मानतो. जाळीचे आवार झाल्यावर साखळीची गरजच उरणार नाही.

प्रश्न : सूसमधील आमच्या रो-हाउसच्या सोसायटीत पुढच्या बाजूला भिंत घालू देत नाहीत. सहा महिन्यांपूर्वी आम्ही जमिनीखालचे इलेक्ट्रॉनिक कुंपण बसवले. आता आमचा बीगल हिरवळीवर उतरतच नाही, दिवसभर पायरीवर बसून राहतो. पूर्वी शाळेच्या बसमधून उतरणाऱ्या मुलांकडे शेपूट हलवत जाणारा हा कुत्रा आता बस दिसली की गुरगुरतो. परवा गळ्याखाली दोन ओलसर जखमा दिसल्या. पट्टा भाजतो का? – एक वाचक, सूस

उत्तर : पट्टा आजच काढावा आणि त्यानंतरच पुढचे वाचावे.

त्या जखमा भाजल्याच्या असण्याची शक्यता कमी आहे. पट्टा चोवीस तास घातलेला राहिला की धातूची टोके एकाच जागी कातडी दाबून धरतात, तेथला रक्तपुरवठा कमी होतो, ओल आणि पावसाचे पाणी त्याखाली साचते आणि कातडी हळूहळू मरते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला होतात त्याच जातीच्या या जखमा असतात. आपल्या पशुवैद्याकडून आसपासचे केस काढून घ्यावेत आणि जखम स्वच्छ करून औषध सुरू करावे. हळद-तेल लावून त्यावर पट्टा पुन्हा चढवू नये. जे लोक असा पट्टा वापरतात त्यांनी तो दिवसात आठ-दहा तासांपेक्षा अधिक ठेवू नये, रात्री काढावा, दर काही तासांनी त्याची जागा सरकवावी आणि त्याला फिरवण्याची दोरी कधीही बांधू नये, कारण दोरीच्या ओढीने टोके आणखी रुततात.

बसमागची गुरगुर आणि पायरीवरचे बसणे यांचे मूळ एकच आहे. आपल्या कुत्र्याला धक्क्याचे कारण समजलेलेच नाही. ही यंत्रणा बसवल्यावर हद्दीवर लहान झेंडे रोवून, कुत्र्याला दोरीवर धरून, ‘बीप’ वाजताच आत वळवायचे आणि खाऊ द्यायचा, असा दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटांचा सराव किमान दोन आठवडे करावा लागतो, आणि सुरुवातीचे दिवस धक्का बंद ठेवावा लागतो. बसवणारा माणूस संध्याकाळी तार पुरून, पट्टा घालून निघून गेला आणि कुत्र्याने धक्के खाऊन शिकावे असे सर्वांनी गृहीत धरले, की आपल्याकडे झाले तसे होते. ज्या क्षणी धक्का बसला त्या क्षणी समोर बस होती आणि मुले होती, म्हणून कुत्र्याच्या लेखी धक्का बसने दिला. जेवणाबरोबर आवाज ऐकवत राहिले की पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते हे रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हने दाखवून दिले होते, भीतीचा धडा तर त्याहूनही लवकर गिरवला जातो. हिरवळीवर नेमके कोठे दुखते हे न कळल्यामुळे त्याने संपूर्ण हिरवळच सोडून दिली आहे.

आता त्याला ओढून हिरवळीवर नेऊ नये. जेवणाचे भांडे पहिल्या दिवशी पायरीखाली ठेवावे, दोन-तीन दिवसांनी हातभर पुढे न्यावे, आणि लांब दोरी सैल धरून त्याच्याबरोबर आपण स्वतः गवतावर बसावे. याला कित्येक आठवडे लागू शकतात. बसच्या वेळी तो घरात असावा, आणि गुरगुर थांबेपर्यंत मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नये. भय ओसरेना किंवा त्याने कोणावर दात टाकला, तर वर्तनोपचाराचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांना दाखवावे.

आपल्याला पट्टा पुन्हा वापरण्याचा सल्ला मी देणार नाही. वेल्समध्ये २०१० पासून कुत्र्या-मांजरांना धक्का देणारे पट्टे घालण्यावर कायद्याने बंदी आहे. अमेरिकेत ते सर्रास विकले जातात. म्हणजे या विषयावर जगात एकमत नाही, पण आपल्या कुत्र्याचे मत आपल्याला कळलेले आहे. सोसायटीशी पुन्हा बोलावे. भिंतीला नकार म्हणजे कुंपणाला नकार असतोच असे नाही. बीगल उडीपेक्षा नाकाच्या आणि पंज्याच्या बळावर निसटतो, त्यामुळे मेंदीच्या आत झाकलेली चार फुटी वेल्डमेश आणि तिचा जमिनीत दाबलेला पायथा त्याला बहुधा पुरेल, आणि रस्त्यावरून ती दिसणारही नाही.

प्रश्न : सहकारनगरमधील आमच्या जुन्या बंगल्याला साडेचार फुटी दगडी भिंत आहे. गेल्या दिवाळीत फटाक्यांना घाबरून आमचा गावठी कुत्रा भिंतीवरून गेला आणि दोन दिवसांनी तळजाईच्या पायथ्याशी सापडला. भिंतीवर काचा लावाव्यात की इलेक्ट्रॉनिक पट्टा घ्यावा? – एक वाचिका, सहकारनगर

उत्तर : दोन्ही करू नये. सुतळी बाँबच्या आवाजाने जिवाच्या आकांताने पळणारा कुत्रा काच पाहत नाही आणि पट्ट्याचा धक्काही मोजत नाही. काचेने त्याचे पोट किंवा पंजे फाटतील आणि तरीही तो पलीकडे जाईल. धक्क्याने आधीच घाबरलेला जीव अधिकच बिथरेल.

धडधाकट गावठी कुत्र्याला साडेचार फूट ही उंची फार नाही, आणि भिंत दगडी असल्यामुळे त्याला पंजे रोवायला कपाऱ्याही मिळतात. भिंतीवर आतल्या बाजूला कललेले लोखंडी अँगल बसवून त्यांवर दोन फूट जाळी ताणावी. डोक्यावर आपल्याकडे झुकलेली जाळी दिसली की कुत्र्याला उडीचा अंदाज येत नाही आणि चढून गेला तरी वरून पार होता येत नाही. त्याचबरोबर भिंतीलगत काय काय ठेवले आहे ते पाहावे. कुंड्या, पाण्याची जुनी टाकी, सरपणाचा ढीग आणि उभी स्कूटर या कुत्र्याच्या दृष्टीने पायऱ्याच असतात.

फटाक्यांवरचा खरा उपाय मात्र कुंपणात नाही. गणेश विसर्जनाचा दिवस आणि दिवाळीच्या संध्याकाळी या काळात कुत्रा अंगणात असूच नये. घरातली सर्वांत आतली खोली, ओढलेले पडदे, चालू पंखा आणि जवळ बसलेले ओळखीचे माणूस एवढ्यानेही पुष्कळ कुत्री शांत होतात. फारच घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी औषधे आहेत, पण ती दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी पशुवैद्यांना भेटून ठरवावी लागतात. ऐनवेळी दूरध्वनीवर विचारून माणसांच्या झोपेच्या गोळ्या देऊ नयेत. गळ्यातल्या साध्या पट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक कोरलेला बिल्ला असावा, आणि शक्य असल्यास मायक्रोचिपही बसवून घ्यावी. महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना आणि रेबीजच्या लसीची नोंद या दोन्ही गोष्टी चालू ठेवाव्यात, कारण भिंतीबाहेर गेलेला कुत्रा कोणाला चावला तर पहिली विचारणा त्यांचीच होते. प्राण्याच्या बाबतीत मालकाने दाखवलेल्या निष्काळजीपणासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी जरूर लावावी. पाट्यांच्या बाबतीत पुणेकरांना काही शिकवण्याची गरज नाही, पण तिने निष्काळजीपणाची जबाबदारी टळत नाही एवढे लक्षात असू द्यावे.

प्रश्न : लोणी काळभोरजवळ मोकळ्या रानात आमचे घर आहे. कारवान जातीचा कुत्रा आहे. तार न पुरता मोबाइलवर हद्द आखून देणारा जीपीएसचा पट्टा मिळतो असे कळले. तो घ्यावा का? – एक वाचक, लोणी काळभोर

उत्तर : अशा पट्ट्यात हद्द उपग्रहांच्या संदेशावरून ठरते, आणि त्या अंदाजात काही मीटरचा फरक पडणे स्वाभाविक असते. घराच्या भिंतीजवळ किंवा दाट आंब्याखाली तो आणखी वाढतो. एका गुंठ्याच्या चौरसाची बाजू ३३ फूट असते. म्हणजे तीन-चार मीटरच्या चुकीने लहान प्लॉटात कुत्रा स्वयंपाकघराच्या दारातही ‘हद्दीबाहेर’ ठरू शकतो आणि विनाकारण धक्का खातो. काही एकरांच्या रानात ही चूक क्षम्य आहे. पण कारवान हा नजरेने शिकार हेरून मागे धावणारा कुत्रा. समोरून ससा उठला, तर पट्ट्याने आवाज करून धक्का देईपर्यंत तो रेषेच्या बराच पलीकडे पोहोचलेला असेल. म्हणून धक्क्याची सोय बंद ठेवावी आणि कुत्रा कोठे आहे हे दाखवण्यापुरताच हा पट्टा वापरावा. त्या कामासाठी तो खरोखर उपयुक्त आहे. बाकी घरालगत पाच-सहा गुंठ्यांना सहा फुटी जाळी घालावी आणि सकाळ-संध्याकाळ त्याला लांब दोरीवर धावायला न्यावे. या जातीला धावणे मिळाले नाही, तर जाळीही फार दिवस टिकत नाही.

प्रश्न : कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहतो. गॅलरीला कबुतरांसाठी नायलॉनची जाळी आहे. पग जातीच्या पिल्लाला तेवढी पुरेल का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : पुरणार नाही. ती जाळी कबुतराला बाहेर ठेवण्यासाठी असते, कुत्र्याचे वजन पेलण्यासाठी नसते. उन्हाने नायलॉन ठिसूळ होते आणि वाढत्या वयाचे पिल्लू ते दातांनी सहज तोडते. कठड्याच्या गजांना आतून एक इंची वेल्डमेश तीन-साडेतीन फूट उंचीपर्यंत पक्की बांधून घ्यावी आणि कठड्याजवळची खुर्ची व स्टूल आजच हलवावे.